पंडितांची सभा आणि म्हाताऱ्यांचे प्रश्न

जाणत्यांच्या मंडळीत नवशिक्याने प्रश्न विचारावा की नाही, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो की प्राथमिक शंका निघू लागल्या म्हणजे जाणते कंटाळतात आणि सभेचा कस उतरतो. दुसरा म्हणतो की शिकणाऱ्याला जेथे जागा नाही ती सभा एका पिढीत ओस पडते. या वादाचा एक निवाडा आपल्या मराठीत सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे.

निफाड तालुक्यातले मौजे सुकेणे हे महानुभावांचे स्थान नाशिककरांना परिचित आहे. या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर तेराव्या शतकात महाराष्ट्रभर हिंडले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. लोक विचारीत आणि ते उत्तर देत. विचारणाऱ्यांत तऱ्हा होत्या. म्हाइंभटांसारखा तर्कपंडित वादात जिंकण्याच्या ईर्षेने आला आणि शिष्य होऊन राहिला. नागदेवाचार्यांची चुलत बहीण महदाइसा ही तर प्रश्नांसाठीच प्रसिद्ध. तिची जिज्ञासा चक्रधरांनी वाखाणली आहे. उत्तर देताना ते समोरच्याचा वकूब पाहत. 'दृष्टांतपाठा'तले ११४ दृष्टांत या पद्धतीचीच साक्ष देतात. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यांतलीच.

चक्रधरांच्या नंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली आणि खरा पेच तेव्हा उभा राहिला. केशोबास आणि दामोदर पंडित हे संस्कृतात मुरलेले विद्वान. 'स्मृतिस्थळ' सांगते की त्यांनी आचार्यांना संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा आचार्य म्हणाले, तुमची ही भाषा आम्हांस कळत नाही. आम्हांला स्वामींनी मराठीत सांगितले, तुम्ही मराठीतच पुसा. पुढे केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले. तेव्हाही आचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतामुळे पंथातल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले.

या निवाड्यात एक बारकावा आहे. आचार्यांनी पंडितांना गप्प बसविले नाही आणि सिद्धान्तही पातळ केला नाही. त्याच केशोबासांनी चक्रधरांची वचने निवडून मराठीत 'सूत्रपाठ' सिद्ध केला. ती सूत्रे आजही विद्वानांना घाम फोडतात. दार रुंद केले म्हणून घराची उंची कमी होत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शिवाय शिकणाऱ्याच्या प्रश्नाने जाणत्याचेही काम होते. सूत्रे प्रसंगापासून वेगळी काढली तेव्हा त्यांतली कित्येक दुर्बोध झाली. मग कोणते वचन कोणापुढे, कशावरून निघाले, हे सांगण्यासाठी 'प्रकरणवश' हा ग्रंथ लागला. प्रश्न पुसून टाकला की उत्तरही अंधुक होते. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' उभे राहिले तेही ठिकठिकाणच्या शिष्यांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून.

पण कथेचा उत्तरार्ध विसरता येणार नाही. पुढच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पाठ शुद्ध राहावा, ग्रंथाचे पावित्र्य राखावे, असा हेतू सांगतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मात्र परिणाम असा झाला की आतल्यांना मराठी राहिली आणि बाहेरच्या मराठी माणसाला तीच मराठी परकी झाली. महदाइसेचे धवळे शतकानुशतके तिच्याच भाषेच्या लोकांना ठाऊक नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी या लिपीची किल्ली शोधली. पुढे नेने, य. खु. देशपांडे यांनी ग्रंथ उजेडात आणले, आणि १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' शासनाच्या मंडळाने छापले. एका लिपीने घातलेले कुलूप काढायला पिढ्या खर्ची पडल्या.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. जाणत्यांची बैठक जरूर असावी आणि तेथे खोलातली चर्चाही व्हावी. पण तिची भाषा दारात उभ्या असलेल्या माणसाला समजावी आणि त्याच्या प्रश्नाला कोणी तरी उत्तर द्यावे. प्रत्येक शंका आचार्यांनीच फेडावी असेही नाही. काल शिकलेला आज शिकणाऱ्याला सांगू शकतो. ज्या रिद्धपुरात महदाइसेने धवळे गायिले, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. तेथे पंडित जमतील यात शंका नाही. त्या म्हाताऱ्यांनाही तेथे प्रश्न विचारता यावा, एवढीच अपेक्षा आहे. गोदाकाठच्या या श्रोत्यांना ती अधिक वाटू नये.