बोले ठराव : ४ ऑगस्ट १९२३ चे कामकाज आणि त्याची मर्यादा
मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर करण्याची अस्पृश्य वर्गास मुभा असावी, असा त्याचा आशय होता. मात्र ती केवळ शिफारस होती, कायदा नव्हे. परिणामी अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर अवलंबून राहिली. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावास बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. तळ्यावरील हक्क अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने प्रस्थापित झाला. कौन्सिलातील त्या दिवसाने हक्क मिळवून दिला नाही. हक्काच्या मागणीस सनदशीर आधार मात्र दिला. त्याचे ऐतिहासिक मूल्य यातच आहे.