तबकडीवरून घरी परतलेले गाणे

गेल्या वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी आम्ही मंडळाच्या सभागृहात जुन्या ध्वनिमुद्रिकांचा एक छोटासा कार्यक्रम ठेवला होता. आधी आपल्याच मुलांनी एक बंदिश म्हटली. शिकवायला घरात कोणी नसल्यामुळे ती त्यांनी एका नव्या आवृत्तीवरून उतरवून घेतली होती. मुले छान गायली, टाळ्याही पडल्या. मग लष्करातल्या एका जुन्या घरातून आलेली त्याच बंदिशीची मूळ तबकडी लावली, आणि पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "अरे, हे निवांत गातायत. पोरांना कोणी पळवलं?"

आजींचा प्रश्न वर्षभर आमच्या डोक्यात राहिला. हा लेख म्हणजे त्याला शोधलेले उत्तर.

आपल्या ग्वाल्हेरकरांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लागू आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. हस्सू खाँ, हद्दू खाँ आणि नत्थू खाँ यांनी शिंद्यांच्या दरबारात ख्यालाला जे रूप दिले, ते दक्षिणेत नेले ते मराठी माणसांनी. वासुदेवबुवा जोशी इथे हस्सू खाँकडे शिकले. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) शिकले आणि ही विद्या त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास, आणि विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. ही सारी वेल इथल्याच मातीतली. इकडे शंकरराव पंडितांनी आणि पुढे त्यांचे पुत्र कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) यांनी ग्वाल्हेर न सोडता ती गायकी जपली. 1918 साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या योजनेनुसार माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथे राजाभैया पूछवाल्यांसारखे गुरू लाभले.

गुरुमुखी विद्या ज्यांना मिळाली ते भाग्यवान. पण कचेरीत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या घरांत ही गायकी बऱ्याच अंशी तबकडीवरून आली. ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात गेलेले गाणे नारायणराव व्यासांच्या आणि पलुस्करांच्या रेकॉर्डींवरून पुन्हा लष्करातल्या वाड्यांत वाजू लागले. म्हणून त्या तबकडीवर नेमके काय होते आणि तिच्या नव्या आवृत्तीत काय उरले, हा आपल्या दृष्टीने केवळ हौशी लोकांचा वाद नाही.

आधी तबकडीविषयी. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी हिंदुस्थानातली पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्या तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. 1908 मध्ये कलकत्त्याला सियालदाहजवळ कारखाना निघाला. गाणे संपल्यावर गायिका स्वतःचे नाव पुकारत असे, कारण सातासमुद्रापलीकडच्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. 'माय नेम इज गौहरजान' ही आरोळी त्यातूनच प्रसिद्ध झाली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये गाण्याचा भाग नव्हे म्हणून अशा आरोळ्या कधी कधी छाटल्या गेल्या. पण आम्हाला विचाराल तर गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने केलेली ती सही आहे.

तबकडी असे लाखेची. दहा इंची बाजूवर जेमतेम तीन ते सव्वातीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. विजेवर चालणारे मुद्रण 1925 पासून सुरू झाले. त्याआधी गवई एका कर्ण्यात तोंड घालून गात असे. तंबोरा त्यात जवळजवळ ऐकूच येत नसे, आणि तार षड्जावर जोर लावायचा तर गवयाला मागे सरकावे लागे. म्हणजे मूळ तबकडी हीसुद्धा मैफल नव्हेच, मैफलीचा तो तीन मिनिटांचा सारांश.

तरीही आमचे मत असे की या सारांशात ग्वाल्हेरची गायकी इतर गायक्यांपेक्षा चांगली मावली. स्थायी आणि अंतरा दोन्ही नीट भरून म्हणायचे, लय फार संथ ठेवायची नाही, बंदिशीची चौकट मोडायची नाही, आणि मग सपाट तान. ही शिस्त अंगात असलेला गवई तीन मिनिटांतही घराण्याचा चेहरा दाखवू शकतो. पण हा चेहरा उभा असतो लयीवर. लय बदलली की चेहरा बदलला.

इथेच आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. आपण '78 ची रेकॉर्ड' म्हणतो खरे, पण जुन्या काळी प्रत्येक मुद्रण मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांवर झाले असे नाही. विजेपूर्वीच्या तबकड्या कुठे 74, कुठे 80, अशा वेगाने घेतलेल्या सापडतात. समजा, 74 फेऱ्यांवर घेतलेली तबकडी नवी आवृत्ती काढताना डोळे झाकून 78 वर वाजवली. तर तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत संपते, आवाज जवळजवळ अर्धा सूर वर चढतो आणि लय तेवढीच धावते. दहा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या जवळपास जातो, त्याच्या आवाजातला घुमारा जाऊन चिमटा येतो, आणि ती नक्कल ऐकून शिकणारे मूल समजते की आपले पूर्वज असेच घाईत गात.

रहिमत खाँच्या बाबतीत आम्ही हे स्वतः अनुभवले. हे हद्दू खाँचे चिरंजीव. आपल्याकडे घोड्यांची विद्या आणि गाणे दोन्ही शिकून गेलेले सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी गुरुपुत्राला सांभाळले. सर्कशीच्या तंबूबरोबर खाँसाहेब हिंदुस्थानभर फिरले, आणि 1922 मध्ये कुरुंदवाडला त्यांचा अंत झाला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या 1920 च्या सुमारास, उतारवयात, कर्ण्याच्या काळात. हद्दू खाँचे गाणे कसे होते याच्या इतक्या जवळ नेणारा आवाज दुसरा नाही. आमच्यापैकी दोन घरांत त्यांच्या एकाच तबकडीच्या दोन नकला निघाल्या: एक जुन्या टेपवरची, दुसरी चकतीवरची. शेजारी शेजारी लावल्या तर दोघींचा षड्ज जुळेना! खाँसाहेब एका घरात अर्धा सूर वर गात होते. यातली खरी कोणती हे मूळ तबकडी हातात असल्याशिवाय ठरवणे कठीण. साथीला पेटी असेल तर तिचा सूर पट्टीवर बसतो की दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो, यावरून अंदाज तेवढा बांधता येतो.

दुसरा फरक खरखरीचा. लाखेच्या तबकडीवर खरखर असणारच. त्यात घराघरांत एकच पोलादी पिन दहा-दहा गाण्यांना वापरलेली. नव्या आवृत्तीत ती खरखर गाळतात. हलक्या हाताने गाळली तर उपकारच. पण खरखर असते वरच्या पट्टीत, आणि आवाजाची धारही तिथेच असते. चाळण बारीक लावली की खरखरीबरोबर 'स'चा दंत्य उच्चार जातो, आकाराचा खुला भाग जातो, होता नव्हता तो तंबोराही जातो. उरतो तो घोंगडीआडून आल्यासारखा आवाज. मग ही पोकळी भरायला कृत्रिम घुमणे घालतात, किंवा एकाच कर्ण्यातून आलेल्या आवाजाचे दोन भाग करून डावी-उजवीकडे वाटतात. पुढे झंकाराची लाट आली तेव्हा जुन्या सिनेगीतांवर नवे ठेके चढवले गेले. ख्यालाच्या वाट्याला ते फारसे आले नाही, ही गजाननाचीच कृपा म्हणायची.

मग मूळ तेवढे सोने आणि नवे ते सगळे पितळ, असे आम्हाला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. आमच्यापैकी काहींचा तसा आग्रह होता, तो एका रविवारी मोडला. पलुस्करांचे एक भजन आम्ही आधी चावीच्या ग्रामोफोनवर ऐकले, मग एका चांगल्या नव्या आवृत्तीत. झिजलेल्या घरच्या तबकडीत न कळलेला एक हलका कण नव्या आवृत्तीत स्वच्छ ऐकू आला. कारण सरळ आहे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, एलपीची त्याच्या मानाने फार बारीक. एलपीची सुई जुन्या तबकडीच्या खाचेत तळाशी लोळते आणि तळातला कचराच वाचते. योग्य जाडीची सुई, योग्य वेग आणि न झिजलेली प्रत घेऊन कोणी मन लावून काम केले, तर आजोबांनी ऐकले त्याहून चांगले पलुस्कर नातवाला ऐकता येतात. दत्तात्रेय पलुस्कर 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या बाबतीत मिळालेला प्रत्येक कण मोलाचा.

तेव्हा खरी कसोटी जुने की नवे ही नसून, काम करणाऱ्याने तबकडी वाचली की सजवली, ही आहे. वाचणारा मुद्रणाचे साल सांगतो, तबकडीचा क्रमांक सांगतो, वेग का बदलला ते सांगतो. सजवणारा सुंदर वेष्टन देतो आणि यातले काहीच सांगत नाही. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स 1990 पासून या वाचनाच्या बाजूने काम करते आहे. पण त्यांच्या कपाटात आपल्या घरातली तबकडी नसणार. ती आपणच राखायची.

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरची पेटी भंगारात देण्याआधी एकदा उघडा. तबकड्या एकीवर एक रचू नका, उभ्या ठेवा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीच पुसू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसा. लेबलावरचा क्रमांक उतरवाच, पण लेबलाच्या कडेला काळ्या भागात कोरलेला बारीक क्रमांकही उतरवा. लेबलावरचा क्रमांक दुकानाचा. कोरलेला क्रमांक त्या मुद्रणाचा. तोच पुढे कोणाला साल शोधून देईल आणि कदाचित वेगही. मोबाइलवर नक्कल करून ठेवली असेल तरी मूळ टाकू नका. नक्कल चुकली तर दुरुस्त करायला मूळच लागते.

यंदा मुले तीच बंदिश पुन्हा म्हणणार आहेत. या वेळी आम्ही त्यांना नवी आवृत्ती आणि मूळ तबकडी दोन्ही ऐकवली, तंबोरा अर्धा सूर उतरवला, आणि ठेका तबकडीच्या लयीला लावला. पहिल्या दिवशी मुलांना ते फारच संथ वाटले. चौथ्या दिवशी त्यांतली एक म्हणाली, "आता श्वास घ्यायला जागा मिळते." आजींना आम्ही पहिल्या रांगेतच बसवणार आहोत.