तपासणी : सक्तीची की हक्काची?

१८६८ साली इंग्रज सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी होई. आजारी स्त्रीला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवत. बडगा फक्त स्त्रियांवर. त्या तपासणी चुकवू लागल्या, रोग हटला नाही. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

१९९२ पासून सांगलीत 'संग्राम' संस्थेने उलटी वाट धरली. या स्त्रियांनीच एकमेकींना निरोध दिले, माहिती दिली. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वॅम्प' संघटना उभी राहिली.

आज २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्ही तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. अत्याचार झाल्यास तुम्हालाही तातडीने उपचार मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे. तेव्हा दवाखान्यात निर्धास्त या.