डायॉन बूसिको आणि रंगभूमीवरील नानासाहेब पेशवे

इ. स. १८५८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २२ व्या तारखेस न्यूयॉर्क शहरांतील वॉलॅकच्या नाट्यगृहांत ‘जेसी ब्राउन अथवा लखनौची सुटका’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यांतील खलपुरुष म्हणजे ब्रह्मावर्तचे नानासाहेब पेशवे. हा खेळ चालला होता त्या वेळीं नानासाहेब हयात होते व युद्ध संपलें नव्हतें. ज्या लखनौची सुटका प्रेक्षक टाळ्या वाजवून साजरी करीत होते, तें शहर अद्याप बेगम हजरत महल हिच्या पक्षाच्या ताब्यांत होतें. इंग्रजांनीं तें पुरतें घेतलें तें पुढल्या मार्च महिन्यांत. नानासाहेबांचें सोंग घेण्यास कोणी नट धजेना, म्हणून नाटककारानें तें स्वतःच घेतलें, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा जाहिरातीची युक्ति असो, सोंग त्यानें घेतलें एवढें निश्चित.

पेशव्यांच्या घराण्याचीं दफ्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस या नाटककाराची ओळख नसण्याचा संभव आहे. परंतु नानासाहेबांची जी प्रतिमा पाश्चात्य लोकांच्या मनांत त्या काळीं ठसली, ती ठसविणाऱ्यांपैकीं हा एक असल्यामुळें त्याचें चरित्र आम्हांस अगदींच परकें नाहीं.

डायॉन बूसिको हा डब्लिन शहरचा राहणारा. त्याचें जन्मवर्ष कोणी १८२० तर कोणी १८२२ धरितात. आई ॲन डार्ली ही कवि जॉर्ज डार्ली याची बहीण. तिचा पति सॅम्युएल बूरसिको. परंतु मुलाचा खरा जनक ज्ञानकोशकर्ता डायोनिशियस लार्डनर हा असावा असें बहुतेक चरित्रकार मानतात, आणि मुलास त्याचेंच नांव दिलें गेलें व शिक्षणाचा खर्चही त्यानेंच सोसला, हें पाहतां त्यांचें म्हणणें आम्हांस ग्राह्य वाटतें. लार्डनरनें त्यास आगगाडीच्या इंजिनियराकडे उमेदवारीस ठेविलें होतें. मुलगा तेथें रमला नाहीं आणि ‘ली मॉर्टन’ असें टोपणनांव घेऊन नट झाला.

त्याचें ‘लंडन ॲशुरन्स’ हें प्रहसनवजा नाटक ४ मार्च १८४१ रोजीं कॉव्हेंट गार्डनमध्यें लागलें आणि विशी-एकविशीचा हा तरुण एका रात्रींत प्रसिद्धीस आला. (सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें याच्यानंतर दोनच वर्षांनीं, १८४३ त.) पण कीर्तीबरोबर पैका आला नाहीं. त्या काळीं नाटककारानें एकरकमी मोल घ्यावें व मोकळें व्हावें अशी रीत होती. खेळ शंभर रात्री चालला तरी त्याच्या हातीं पुढें कांहीं पडत नसे. फ्रेंच नाटकाचें इंग्रजी रूपांतर तर त्याहूनही स्वस्तांत मिळे. बूसिकोनें तींही पुष्कळ केलीं. त्यांपैकीं ‘कॉर्सिकन ब्रदर्स’ हें चार्ल्स कीन यानें १८५२ त रंगभूमीवर आणलें व तें फार गाजलें. पुढल्या वर्षीं ॲग्नेस रॉबर्टसन या स्कॉटिश नटीसह तो अमेरिकेस गेला.

अमेरिकेंत त्यानें केलेलें एक काम त्याच्या कोणत्याही नाटकापेक्षां टिकाऊ ठरलें असें आमचें मत आहे. नाटक छापण्याचा हक्क तेथील कायद्यानें लेखकास होता, परंतु प्रयोगाचा नव्हता. जॉर्ज बोकर आदि लेखकांबरोबर बूसिकोनेंही खटपट केली आणि १८५६ च्या ऑगस्टांत काँग्रेसनें प्रयोगाचा हक्कही लेखकास दिला. पुढें लंडनांत तो उत्पन्नाचा ठराविक हिस्सा मागूं लागला, व तो त्यास मिळूंही लागला. या गृहस्थास बाजाराची नाडी उत्तम समजत होती. १८५७ च्या डिसेंबरांत त्यानें ‘पुअर ऑफ न्यूयॉर्क’ हें नाटक केलें. तें मुळांत पॅरिसच्या गरिबांचें. त्यानें तें न्यूयॉर्कच्या गरिबांचें केलें, १८६४ त लिव्हरपूलच्या गरिबांचें केलें व त्याच वर्षीं लंडनच्या रस्त्यांवरचें केलें. गांव बदलावें, गल्लीचें नांव बदलावें, रंगभूमीवर एक घर जाळून दाखवावें, म्हणजे झालें.

अशा मनुष्याच्या हातीं त्याच हिवाळ्यांत लखनौची बातमी पडली. १८५७ च्या डिसेंबरांत विलायती वृत्तपत्रांत एक पत्र फिरत होतें. तें मूळ एका फ्रेंच पत्रांतून घेतल्याचें सांगत. त्यांतील गोष्ट अशी कीं, रेसिडेन्सींत कोंडलेल्या लोकांनीं आशा सोडली असतां जेसी ब्राउन नांवाची एका कॉर्पोरलची बायको तापांत पडल्या पडल्या एकदम उठली आणि स्कॉटिश पलटणीच्या पाव्याचा आवाज आपणांस येतो असें ओरडली. कोणास तो ऐकूं येईना, आणि थोड्या वेळानें पलटण खरोखरच आली. वेढ्यांत प्रत्यक्ष असलेल्या लोकांनीं ही गोष्ट पुढें खोटी ठरविली. परंतु तोंवर तिच्यावर कविता झाल्या, फ्रेडरिक गुडॉल यानें १८५८ त चित्र काढलें आणि बूसिकोनें नाटक रचलें. जेसीचें काम ॲग्नेसनें केलें.

पत्रांत नानासाहेब नव्हते. त्यांना आणलें नाटककारानें. त्याचे नानासाहेब एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या विधवेचा अभिलाष धरून तिला जनानखान्यांत नेऊं पाहतात, आणि लखनौचा सारा वेढा या एका वासनेभोंवतीं फिरतो. आतां वस्तुस्थिति पाहूं. लखनौस लढा चालला तो बेगम हजरत महल हिचा अल्पवयी पुत्र बिर्जिस कद्र याच्या नांवानें. नानासाहेबांचें ठाणें कानपूर. तेथें १६ जुलै १८५७ रोजीं हॅवलॉकनें त्यांचा पराभव केला. रेसिडेन्सींत हॅवलॉक व औट्रम शिरले ते २५ सप्टेंबरास, आणि तेही वेढा उठवूं शकले नाहींत. उलट स्वतःच आंत अडकले. कॉलिन कॅम्पबेल नोव्हेंबरांत आला तेव्हां त्यानें आंतील लोक बाहेर काढले व शहर सोडून दिलें.

बीबीघरांत १५ जुलैस बायकामुलांची जी हत्या झाली ती आम्ही लपवूं इच्छित नाहीं. तिच्या वार्तेनें त्या प्रेक्षकांचें रक्त तापलेलें होतें हें उघड आहे. त्या हत्येची जबाबदारी नानासाहेबांवर किती, हा पुराव्याचा प्रश्न असून त्यावर विद्वानांत मतभेद आहे. पण नाटककारास पुरावा नको होता. १८५१ त बाजीरावसाहेब वारल्यावर बंद झालेलें आठ लक्षांचें वर्षासन, त्यासाठीं अजीमुल्लाखानाची लंडनची निष्फळ वकिली, हीं वैराचीं खरीं कारणें त्या काळीं इंग्रजींतही छापलेलीं होतीं. तीं रंगभूमीवर आणलीं असतीं तर खलपुरुषास गाऱ्हाणें मिळालें असतें. गाऱ्हाणें असलेला खलपुरुष तिकिटें खपवीत नाहीं.

हें आमचें म्हणणें कोणास कठोर वाटेल, म्हणून बूसिकोच्याच पुढील कृतींकडे पाहावें. ‘ऑक्टोरून’ हें गुलामगिरीवरील नाटक त्यानें ६ डिसेंबर १८५९ रोजीं न्यूयॉर्कांत लाविलें. जॉन ब्राउन यास फांशीं देऊन अवघे चार दिवस झाले होते. त्यांत मिश्ररक्ताची नायिका अखेर विष घेऊन मरते. १८६१ त लंडनच्या प्रेक्षकांस तो शेवट रुचला नाहीं, तेव्हां त्यानें नायिका जिवंत ठेविली. ‘कोलीन बॉन’ हें १८६० सालचें नाटक लंडनांत दोनशेंहून अधिक रात्री चाललें व राणी व्हिक्टोरिया तें पाहण्यास आली. १८६४ त डब्लिनला ‘ॲराना-पोग’ लागलें. त्याचा विषय १७९८ चें आयरिश बंड, आणि तेथें बंडखोर हा सज्जन, प्रेमळ व हालअपेष्टा सोसणारा आहे. १८७४ च्या ‘शॉक्रॉन’मध्यें एक प्रमुख पात्र फेनियन कैदी. या नाटकाच्या यशाच्या बळावर त्यानें १८७६ त पंतप्रधान डिझरेली यास उघड पत्र लिहून तुरुंगांतील फेनियनांस सोडावें अशी मागणी केली.

म्हणजे इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणारा आयरिश मनुष्य त्यास समजत होता, त्याची बाजू मांडण्याचें धैर्यही त्याच्या ठिकाणीं होतें. कोणी म्हणेल, वयाबरोबर मत पालटलें असेल. पण तसें दिसत नाहीं. ‘लखनौची सुटका’ त्यानें १८६२ त लंडनच्या ड्रूरी लेनमध्यें पुन्हां लाविली, आणि ‘ॲराना-पोग’ त्यानंतर दोनच वर्षांनीं आलें. आयर्लंडच्या बंडखोरासाठीं अमेरिकेंत हजारों आयरिश प्रेक्षक पैसे देऊन बसत. ब्रह्मावर्तच्या बंडखोरासाठीं बसणारा तेथें एकही नव्हता.

त्याची अखेर सुखाची झाली नाहीं. १८८५ त ऑस्ट्रेलियांत त्यानें लुईझ थॉर्नडाइक या तरुण नटीशीं लग्न लाविलें आणि ॲग्नेसशीं आपला विवाह झालाच नव्हता असें सांगूं लागला. जिनें जेसीचें काम करून त्याचें नाटक गाजविलें, तिच्या मुलांवर त्यानें हा कलंक आणिला. तिनें न्यायालयांत जाऊन १८८८ त घटस्फोट मिळविला, म्हणजे लग्न झालें होतें हें सिद्ध केलें. त्याची नाटकें जुनी वाटूं लागलीं, पैसा उधळून संपला होता. न्यूयॉर्कमध्येंच एका नाट्यगृहास जोडलेल्या शाळेंत तरुण नटांस अभिनय शिकवून तो दिवस काढीत असे. १८ सप्टेंबर १८९० रोजीं तो तेथें वारला.