कालोरान : जावाच्या डोंगरातील बौद्ध शेतकऱ्यांची गावे

इंडोनेशिया म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना बोरोबुदुरचा स्तूप आठवतो. तो पाहायला जगभरातून लोक जातात, फोटो काढतात आणि परततात. या देशात आजही बौद्ध शेतकरी आहेत, त्यांची गावे आहेत, गावात विहार आहेत, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बोरोबुदुर ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातील अशा एका भागाची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

परिसर

मध्य जावा प्रांतात तेमांगुंग नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. त्याच्या पश्चिमेला सिंदोरो आणि सुंबिंग हे तीन हजार मीटरहून उंच असे दोन ज्वालामुखी उभे आहेत. त्यांच्या उतारावर तंबाखू पिकते आणि ती लवंग घातलेल्या ‘क्रेतेक’ सिगारेटसाठी जाते. पीक शेतकऱ्याचे असले तरी प्रत कारखान्याचा पारखी ठरवतो आणि भाव त्याच्या शब्दावर ठरतो. कापूस आणि सोयाबीन विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जिल्ह्याच्या पूर्व भागात कालोरान तालुका आहे. इथे डोंगर बुटके, शेते लहान आणि चढ-उताराची आहेत. कॉफी, भात, कसावा (ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद), केळी, आले अशी मिश्र शेती चालते. बांधावर लाकडासाठी झाडे, घरामागे शेळ्या. तिथे गावाला ‘देसा’ आणि गावातील वाडीला ‘दुसुन’ म्हणतात. गेतास या देसातील क्रेचेक हा दुसुन जवळजवळ संपूर्ण बौद्ध आहे, तर त्याच गावातील ग्लेतुक हा दुसुन मुस्लिम आहे. तालुक्याच्या इतर गावांतही बौद्ध कुटुंबे विखुरलेली आहेत.

इंडोनेशियातील बहुसंख्य बौद्ध शहरी आणि चिनी वंशाचे आहेत. कालोरानचे बौद्ध मात्र जावानी शेतकरी आहेत. त्यांची भाषा, पेहराव आणि शेती मुस्लिम शेजाऱ्यांसारखीच आहे.

धम्म इथे कसा आला?

जावात बौद्ध धम्म हजार वर्षांपूर्वी बहरला होता. बोरोबुदुर हे आठव्या-नवव्या शतकातील शैलेंद्र राजवटीचे काम. पुढे माजापाहित साम्राज्य मावळले आणि इस्लाम रुजला. तरीही एक दिवस ‘बुदा’ धर्म परत येईल, अशी भविष्यवाणी लोकस्मृतीत टिकून राहिली.

आधुनिक काळात धम्माला पुन्हा उभे केले ते भिक्खू आशिन जिनरक्खित यांनी. त्यांचा जन्म १९२३ मध्ये बोगोर येथे, चिनी वंशाच्या कुटुंबात झाला. १९५३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बोरोबुदुरला मोठी वैशाख पौर्णिमा साजरी झाली. १९५४ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशात उपसंपदा घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. दोन देशांतील धम्माच्या पुनरुज्जीवनाचे धागे एकाच वर्षी ब्रह्मदेशातून गेले, ही नोंद आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

खेड्यापाड्यांत धम्म पसरला त्यामागे मात्र एक भीषण पर्व आहे. १९६५ च्या सत्तापालटानंतर कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसे मारली गेली. ज्याला धर्म नाही तो कम्युनिस्ट, असा संशय घेतला जाई. सरकारमान्य धर्मांपैकी एक नोंदवणे हा जीव वाचवण्याचा प्रश्न झाला. जुन्या जावानी चालीरीतींवर जगणारे अनेक शेतकरी तेव्हा कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू, तर कोणी बौद्ध झाले.

म्हणजे या डोंगरांतील धम्माच्या वाटचालीत भयाचाही वाटा होता. हे लपवण्याचे कारण नाही. नागपूरला १९५६ मध्ये आपल्या समाजाने जाणीवपूर्वक, प्रतिज्ञा घेऊन जुना धर्म सोडला. तशी जातीविरुद्धची लढाई तिथे नव्हती. प्रश्न असा आहे की, दडपण ओसरल्यावरही हे लोक बौद्ध का राहिले? याचे उत्तर त्यांच्या रोजच्या जगण्यात मिळते.

गावातील धम्मजीवन

प्रत्येक विहारात भिक्खू नसतो. भिक्खू अधूनमधून येतात. एरवी वंदना घेणे, लग्न लावणे, अंत्यविधी करणे ही कामे ‘पंडिता’ म्हणजे गृहस्थ धम्मसेवक करतात. आपल्याकडचे बौद्धाचार्य जे करतात तेच. त्रिसरण-पंचशील तेच, पालीही तीच. फक्त उच्चार जावानी.

वैशाख पौर्णिमेला तिथे ‘वैसाक’ म्हणतात. १९८३ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे. बोरोबुदुरच्या मुख्य सोहळ्यासाठी पवित्र पाणी याच तेमांगुंग जिल्ह्यातील उंबुल जुंप्रित झऱ्यातून नेले जाते. कालोरानच्या वाड्यांत वैसाकनंतर लोक घरोघर भेटी देतात. मुस्लिम शेजारीही येतात आणि ईदला बौद्ध त्यांच्या घरी जातात.

‘न्याद्रान’ ही पूर्वजांच्या स्मरणाची जावानी प्रथाही अशीच आहे. घराघरांतून बांबूच्या गोल डब्यांत जेवण दफनभूमीत नेतात, आपापल्या पद्धतीने प्रार्थना होते आणि सगळे एकत्र जेवतात. क्रेचेक आणि ग्लेतुक मिळून करत असलेला न्याद्रान ‘शांततेचा न्याद्रान’ म्हणून ओळखला जाऊ लागला आहे. शेतीकामाला आणि घर बांधायला एकमेकांकडे जाण्याची रीतही आपल्या इर्जिकीसारखी धर्म विचारत नाही.

आजचे प्रश्न

पहिला प्रश्न सिद्धांताचा. ‘एकमेव ईश्वर’ हे इंडोनेशियन राज्याचे पहिले तत्त्व आहे. मान्यता टिकवण्यासाठी जिनरक्खित यांनी जुन्या जावानी ग्रंथपरंपरेतील ‘आदिबुद्ध’ ही संकल्पना पुढे केली. थेरवादी भिक्खूंना ती पटली नाही आणि १९७६ मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला ही तडजोड खटकेल. पण मान्यता नसलेल्या धर्माच्या माणसाचे त्या काळात काय होत होते, हे लक्षात घेऊनच तिच्याविषयी मत बनवावे.

दुसरा प्रश्न लग्नाचा. १९७४ च्या कायद्यानुसार विवाह धर्माच्या रीतीने झाला तरच वैध ठरतो. आंतरधर्मीय विवाहाच्या नोंदणीला न्यायालयांनी परवानगी देऊ नये, असे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये काढले. त्यामुळे दोघांपैकी एकाला धर्म बदलावा लागतो. लहान समाजाला यात एकेक तरुण गमवावा लागतो.

तिसरा प्रश्न शाळेचा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वधर्माचे शिक्षण त्याच धर्माच्या शिक्षकाकडून मिळावे, असे २००३ चा शिक्षण कायदा सांगतो. दोन-चार बौद्ध मुले असलेल्या शाळेला असा शिक्षक मिळणे कठीण जाते. म्हणून बोयोलालीतील स्मारतुंगसारखी बौद्ध महाविद्यालये महत्त्वाची आहेत. खेड्यातील मुले तिथे शिकून शिक्षक होऊ शकतात. शिकलेली मुले गावी परततील का, हा पुढचा प्रश्न. तो आपल्या गावांनाही आहेच.

आपण काय घ्यावे?

इंडोनेशियाच्या २०१० च्या जनगणनेत बौद्ध सुमारे १७ लाख, म्हणजे ०.७ टक्के होते. भारतात २०११ मध्ये ८४ लाख, म्हणजे तेही ०.७ टक्केच. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा, ही मोहीम आपण प्रत्येक जनगणनेला राबवतो. येणाऱ्या जनगणनेतही राबवलीच पाहिजे. रकान्याचे मोल काय असते, हे कालोरानच्या आजोबांच्या पिढीने जिवावर बेतून पाहिले.

पण रकाना भरला म्हणून त्यांचा धम्म टिकला नाही. भिक्खू नसताना वंदना घेणारा शेजारी, पौर्णिमेला उघडे असणारे विहार, शिकवायला परतलेला तरुण यांनी तो टिकवला. आपल्या गावातील विहार १४ एप्रिलनंतर किती दिवस उघडे असते, हे प्रत्येक शाखेने एकदा मोजून पाहावे, असे आम्हाला वाटते.