पन्नास प्रतींचा इतिहास : डेमो कॅसेट कोणी जपली आणि कोणाची जपली?

इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. कारण इतिहास लिहिणाऱ्यांनी जपून ठेवण्यालायक तेवढेच मानले. आज आम्ही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल लिहीत आहोत. १९९० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींनी गॅरेजमध्ये वाजवून घरच्या घरी भरलेली कॅसेट. तिला डेमो टेप म्हणत. संगीताचा प्रकार पॉप-पंक : पंकचा वेग आणि राग, पण चाल अशी की एकदा ऐकली की तोंडात बसावी. १९७६ मधल्या रामोन्सच्या पहिल्या रेकॉर्डपासून हा धागा निघतो, पुढे डिसेंडन्ट्ससारख्या बँडमधून जातो आणि नव्वदच्या दशकात जगभर पोचतो.

या डेमो टेप गोळा करणारे लोक आजही आहेत. त्यांना कोणी भंगारवाले म्हणते, कोणी जुन्या आठवणीत रमणारे रिकामटेकडे म्हणते. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या चळवळीचा पहिल्या हाताचा पुरावा या लोकांच्या खोक्यांत आहे. आणि पुरावा कोणाच्या हातात आहे यावरच इतिहास कोणाचा लिहिला जाणार हे ठरते.

आधी साधनाबद्दल बोलू. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. पाव इंचाहूनही अरुंद फीत, प्लास्टिकच्या डबीत बंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने फिरणारी. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीचे पोर्टास्टुडिओ हे यंत्र आले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक भरता येऊ लागले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तोपर्यंत आवाज नोंदवायचा तर स्टुडिओ हवा, स्टुडिओसाठी पैसा हवा, पैशासाठी कंपनी हवी आणि कंपनीची मर्जी हवी. कॅसेटने मधली ही सगळी उतरंड मोडली. हे फक्त तिकडेच घडले असे नाही. भारतात ऐंशीच्या दशकात याच कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी खिळखिळी केली आणि कंपनीने कधी विचारले नसते अशा प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. वस्तू एकच, परिणामही त्याच जातीचा : ज्याला बोलू दिले जात नव्हते, त्याला स्वतःचा आवाज भरता आला.

आता जागेकडे येऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कली शहर आहे. तिथे १९८६ च्या शेवटच्या दिवशी '९२४ गिलमन स्ट्रीट' नावाचे सभागृह सुरू झाले. ते उभे करण्यात 'मॅक्सिमम रॉकन्रोल' या पंक मासिकाचे टिम योहानन यांचा मोठा वाटा होता. तिथे दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, स्त्रीद्वेष नाही, समलिंगींचा द्वेष नाही. कोणत्याही वयाच्या मुलाला प्रवेश. काम स्वयंसेवकांनी करायचे आणि निर्णय सभासदांच्या बैठकीत. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मंच नाही. १९८७ मध्ये लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेस यांनी लुकआउट रेकॉर्ड्स सुरू केली आणि याच परिसरातले बँड छापायला घेतले. 'स्वीट चिल्ड्रन' या नावाने सुरू झालेला आणि पुढे 'ग्रीन डे' झालेला बँड याच मातीतला.

या व्यवस्थेत डेमो टेप म्हणजे ओळखपत्र होते. बँड पाच-सहा गाणी भरायचा, घरच्या डबल डेकवर एकीची दुसरी करत पन्नास-शंभर प्रती काढायचा. कव्हर हाताने लिहून झेरॉक्स केलेले, घडी घालून डबीत बसवलेले. त्यावर एक पत्ता, बहुधा कोणाच्या तरी आईबापाच्या घराचा. कार्यक्रमात ती डॉलर-दोन डॉलरला विकायची, नाहीतर दुसऱ्या बँडच्या टेपशी अदलाबदल करायची. टपालाने मागवणारे पाकिटात कागदात लपवून नोटा पाठवत. काही पोरे तिकिटावर गोंदाचा पातळ थर देत, म्हणजे वर बसलेला शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा चालवता येई. १९९२ पासून 'मॅक्सिमम रॉकन्रोल'च्या मंडळींनी एक निर्देशिका काढायला सुरुवात केली. कोणत्या गावात कार्यक्रम कोण ठेवतो, राहायला जागा कोण देतो, टेप कोण विकतो याची ती यादी होती. दलाल नाही, व्यवस्थापक नाही. पत्ता आणि विश्वास यांवर देशभर फिरता येत होते.

मग १९९४ आले. फेब्रुवारीत ग्रीन डेचा 'डूकी' हा अल्बम मोठ्या कंपनीकडून बाजारात आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. एप्रिलमध्ये ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' आला, तोही एपिटाफ या स्वतंत्र कंपनीकडून, आणि त्यानेही जगभर कोटीचा आकडा ओलांडला. ज्या गिलमनमध्ये ग्रीन डे वाढला, त्याच गिलमनचे दार नियमाप्रमाणे त्यांना बंद झाले.

इथेच इतिहासाची चोरी सुरू होते. पॉप-पंकचा इतिहास सांगणारा कोणताही चकचकीत माहितीपट काढा, तो १९९४ पासून सुरू होतो. त्याआधीची सात-आठ वर्षे पार्श्वभूमी म्हणून दोन मिनिटांत उरकतात. जणू कंपनीने शोध लावला म्हणून हे संगीत जन्माला आले! प्रत्यक्षात सभागृह, टपाल, मासिके, निर्देशिका हे सगळे आधीच उभे होते. कंपनीने तयार पिकाची कापणी केली. हे सिद्ध कशाने होते? १९९४ पूर्वीच्या टेपने. टेपवर तारीख असते, पत्ता असतो, सोबत वाजवणाऱ्यांचे आभार असतात. ती यादी म्हणजे त्या काळातल्या नात्यांचा नकाशा असतो.

एक उदाहरण घेऊ. सॅन दिएगोच्या ब्लिंक या बँडने जानेवारी १९९४ मध्ये 'बुद्धा' नावाची डेमो टेप भरली. पुढे त्याच नावाच्या एका आयरिश बँडमुळे त्यांना नावापुढे १८२ हा आकडा जोडावा लागला. टेपवर मात्र नुसते 'ब्लिंक' आहे. ड्रमवर स्कॉट रेनर आहे, ज्याला १९९८ नंतर आलेल्या चाहत्यांपैकी अनेक जण ओळखतही नाहीत. यातली अनेक गाणी १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये नव्याने भरली गेली. १९९८ मध्ये ही टेप सीडीवर आली, पण पुन्हा मिक्स करून. म्हणजे त्या पोरांनी मुळात काय ऐकवले होते हे जाणून घ्यायचे तर मूळ कॅसेटच शोधावी लागते. सुधारून काढलेली आवृत्ती म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे, हे इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप : जे चांगले होते ते कंपन्यांनी छापलेच, मग उरलेला कचरा कशाला जपायचा? या आक्षेपामागे एक आंधळा विश्वास आहे, की बाजार चांगले तेवढे निवडतो आणि कंपनी ते सांभाळते. दोन्ही खोटे आहे. लुकआउटने बँडांची मानधने थकवली. २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या जुन्या रेकॉर्ड तिच्याकडून काढून घेतल्या आणि २०१२ मध्ये कंपनीच बंद झाली. ही तर छोटी कंपनी. मोठ्यांचे काय? १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथल्या गोदामातल्या मूळ ध्वनिफिती जळाल्या. या नुकसानीची खरी चर्चा व्हायला २०१९ साल उजाडले, तेही एका वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढल्यावर. नेमके किती जळाले यावर वाद चालूच राहिला. एका गोदामातला इतिहास एका रात्रीत जातो. शंभर घरांत विखुरलेल्या शंभर प्रती एका रात्रीत जात नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : ही उपनगरातल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांची करमणूक, तिला चळवळ कसली म्हणता? यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. मंचावर बहुसंख्य गोरी मुलेच होती. पण बहुसंख्य म्हणजे सगळे नव्हेत. ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग रोडिओ या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या गावचा. वडील ट्रकचालक, तो दहा वर्षांचा असताना वारले. आई हॉटेलात वेट्रेस. पॅन्सी डिव्हिजन हा उघडपणे समलिंगी पुरुषांचा पॉप-पंक बँड लुकआउटनेच छापला आणि १९९४ मध्ये तो ग्रीन डेबरोबर दौऱ्यावर गेला. याच परिसरात स्पिटबॉय हा केवळ स्त्रियांचा हार्डकोर बँड होता. त्यातली ड्रमर मिशेल क्रूझ गोन्झालेस मेक्सिकन वंशाची. तिने २०१६ मध्ये आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. समतेच्या घोषणा देणाऱ्या गोऱ्या पंक जगात स्वतःची ओळख कशी अदृश्य होत गेली, हे त्यात तिने मांडले आहे. जेम्स स्पूनर यांनी २००३ मध्ये 'आफ्रो-पंक' हा माहितीपट काढला तोही याच प्रश्नावर : काळा माणूस या गर्दीत होता, मग तो चित्रात का नाही?

म्हणजे आक्षेपातून निष्कर्ष उलटा निघतो. जे अल्पसंख्य होते, त्यांच्या हाती मोठा करार क्वचितच लागला. त्यांच्यापैकी कित्येकांच्या अस्तित्वाचा पुरावा एखादी टेप किंवा एखादे झेरॉक्स पत्रक एवढाच आहे. टेप फेकली तर गोऱ्या पोरांचा इतिहास बुडत नाही, तो छापून झालेला आहे. बुडतो तो बाकीच्यांचा.

तिसरा आक्षेप : संग्राहक म्हणजे शेवटी व्यापारी. याला आमचे उत्तर स्पष्ट आहे. संग्राहकांची भलामण आम्ही करत नाही. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्स या संकेतस्थळावर हजारो हौशी लोकांनी रेकॉर्ड आणि कॅसेटच्या नोंदी केल्या, हे मोठे काम आहे. पण त्याच ठिकाणी बाजारही भरतो, आणि बाजाराचा नियम ठरलेला : पुढे प्रसिद्ध झालेल्या माणसाची पहिली टेप महाग, बाकीच्या मातीमोल. परिणामी प्लास्टिकच्या वेष्टनात जपली जाते ती प्रसिद्ध बँडची टेप, जी एव्हाना दहा ठिकाणी डिजिटल झालेली असते. आणि एकच टेप काढून विखुरलेला बँड, ज्यात एखादी मुलगी गात होती आणि ज्याचे दुसरे काहीच उरलेले नाही, त्याची टेप रद्दीत जाते. जपणारासुद्धा निवड करतो, आणि त्याची निवड निष्पाप नसते. जुन्या इतिहासकाराने राजाचे नाव जपले, नव्या संग्राहकाने ताऱ्याचे जपले. फरक काय?

फरक पडतो तो संघटितपणे काम केल्यावर. ऑलिंपिया शहरातल्या बिकिनी किल या बँडने १९९१ मध्ये स्वतःच एक डेमो कॅसेट काढली होती. तिच्यासारख्या टेप, पत्रके आणि हस्तलिखिते वाहून जाऊ नयेत म्हणून रायट गर्ल चळवळीतल्या बायकांनी आपली खोकी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयाला दिली. त्यातून निवडक कागदपत्रांचे पुस्तक २०१३ मध्ये निघाले. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने शहराच्या पंक इतिहासाचे दालन उघडले. सार्वजनिक ग्रंथालय! म्हणजे कोणीही जावे आणि मागावे. पंक म्हणजे गोंगाट म्हणणाऱ्या शहरानेच तो गोंगाट दस्तऐवज म्हणून स्वीकारला. आपणहून नव्हे. कोणीतरी खोकी जपली, मागणी लावून धरली, म्हणून.

वेळ मात्र फार नाही. कॅसेटच्या आतला दाबपट्टीचा स्पंज झडतो, फीत चिकटते, चुंबकीय थर क्षीण होतो. एकीची दुसरी करताना प्रत्येक पिढीत आवाज गढूळ होतो, म्हणून मूळाच्या जवळची प्रत शोधावी लागते. मागच्या बाजूच्या दोन खुट्ट्या मोडलेल्या नसतील तर एका चुकीच्या बटणाने सगळे पुसले जाते. डेकचे हेड फितीशी नीट जुळवल्याशिवाय डिजिटल प्रत काढली तर वरचे सूर बसके येतात. कव्हरच्या दोन्ही बाजू, नावे, तारीख, आभाराची यादी यांची नोंद केली नाही, तर उरतो तो नुसता आवाज, त्याला कर्ता उरत नाही. शिवाय कायदा आडवा येतो. अमेरिकेत या टेपवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे चालतो. ज्या चौघांनी ती भरली ते कुठे आहेत हे ठाऊक नसेल तर परवानगी मागायची कोणाकडे? म्हणून ते चौघे जिवंत आहेत, पन्नाशीच्या आसपास आहेत, तोवरच त्यांना गाठून त्यांची संमती आणि त्यांच्या आठवणी नोंदवणे हेच खरे संकलन. नुसती वस्तू ताब्यात घेणे म्हणजे साठेबाजी.

म्हणून आमचा निष्कर्ष सरळ आहे. डेमो टेपची किंमत बाजाराने ठरवू नये. जिच्या मागे नाव नाही, करार नाही, पुढचा अल्बम नाही, ती टेप आधी नोंदवावी, कारण तिच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नाही. प्रसिद्धांची काळजी घ्यायला कंपन्या आहेत. आणि वाचकहो, ही कसोटी कॅसेटपुरती ठेवू नका. कोणताही संग्रह समोर आला की दोन प्रश्न विचारा : हे कोणी जपले? आणि जपताना कोणाला वगळले?