दोन सूर्योदयांचा हवाई मार्ग

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया ते ब्रिटन हा हवाई मार्ग मधोमध तुटला. पाठोपाठ जावा, सुमात्रा आणि अंदमानही गेले. लष्करी टपाल आणि अधिकारी वेळेत पोहोचवायचे, तर वाट एकच उरली होती : हिंदी महासागर एका दमात ओलांडणे.

या वाटेचे एक टोक होते पर्थजवळचे नेडलँड्स, स्वान नदीच्या काठी. दुसरे, सिलोनमधील गॉलजवळचे कोग्गला सरोवर. धावपट्टीची गरज दोन्हीकडे नव्हती, कारण निवडलेली कॅटालिना विमाने पाण्यावरूनच उडत आणि पाण्यावरच उतरत. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. वाटेत थांबा नाही.

क्वांटास कंपनीने १९४३ च्या मध्यास ही सेवा सुरू केली. कॅटालिनाचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. म्हणजे वारा अनुकूल असला तरी सत्तावीस-अठ्ठावीस तास आणि समोरून आला तर त्याहून बरेच अधिक. सर्वांत लांबलेला प्रवास ३२ तास ९ मिनिटांचा झाला.

खरा प्रश्न वजनाचा होता. एवढ्या पल्ल्यासाठी सुमारे ९,००० लिटर इंधन लागे. ते मावावे म्हणून विमानातील अनावश्यक ते सारे उतरवले गेले. एवढे करूनही जागा उरे ती तीन प्रवाशांची आणि ६९ किलो टपालाची! उड्डाणानंतरच्या पहिल्या काही तासांत विमान इतके जड असे, की दोनपैकी एक इंजिन बंद पडले तर समुद्रात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यात शत्रूची भीती. कॅटालिनावर शस्त्रे नव्हती आणि जपानी विमानांपुढे तिचा वेगही तोकडा. म्हणून धोक्याचा टापू रात्रीच्या अंधारात ओलांडता येईल, अशा बेताने उड्डाणाची वेळ ठरे. रेडिओवर मौन पाळले जाई. मग दिशा कळायची कशी? ताऱ्यांवरून. पाचही विमानांची नावे ताऱ्यांचीच होती : श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा यांची पाश्चात्त्य नावे, म्हणजे अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका.

एकाच उड्डाणात प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे. त्यांना ‘सिक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ या गुप्त मंडळाचे प्रमाणपत्र मिळे. त्यामागचा विनोद ब्रिटिश वळणाचा असला, तरी तो कागद कमावलेला होता.

१९४४ पासून लिबरेटर विमाने आली आणि महासागर ओलांडण्याचा वेळ सुमारे १७ तासांवर आला. गंमत अशी, की २०१८ मध्ये सुरू झालेले पर्थ-लंडन हे थेट विमानही साधारण तेवढ्याच वेळात पोहोचते. फक्त ते सुमारे १४,५०० किलोमीटर कापते. नकाशावर कोग्गला लंडनहून कितीतरी जवळ आहे. घड्याळावर मात्र १९४३ चे कोग्गला आजच्या लंडनपेक्षा दूर होते.

जुलै १९४५ पर्यंत कॅटालिनांनी २७१ वेळा हा महासागर ओलांडला. त्यांतले एकही विमान वाटेत गमावले गेले नाही. युद्ध संपल्यावर मात्र, अमेरिकेशी झालेल्या उसनवारी कराराच्या अटींनुसार, ती विमाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवण्यात आली.